कार्यक्रम संपण्याची वेळही छापा

नरिमन पॉइंट येथील एनसीपीए या कलाकेंद्रातील आगामी मैफली, व्याख्याने आणि चित्रपटांची माहिती रविवारच्या अंकात वाचली. ती नियमित देता, याबद्दल आभार. मात्र प्रत्येक कार्यक्रमापुढे संपण्याची अंदाजे वेळही छापावी. १९६९ साली स्थापन झालेल्या या केंद्रात आज पाच नाट्यगृहे आहेत. पण चर्चगेट तिथून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि पुढे आमच्यासारख्यांना वसई-विरार गाठायचे असते. मागच्या महिन्यात शहरातल्याच एका मैफलीतून आम्ही भैरवीआधी उठलो. अंधारात इतरांच्या पायांवरून वाट काढताना फार ओशाळल्यासारखे झाले. शेजारच्या आजीही पर्स छातीशी धरून निघाल्या. वेळ आधी कळली, तर तिकीट काढतानाच परतीची गाडी ठरवता येईल.

– एक वाचक, वसई