चेनरिंग गोल की अंडाकृती : आधी रस्ता बघा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत माउंटन बाइकवरचा लेख वाचला. इंदुरातली आपली मुलं सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकली काढून महू-मानपूरकडे निघतात, याची कुणीतरी दखल घेतली म्हणून बरं वाटलं. मात्र त्यातलं एक वाक्य टोचत राहिलं. अंडाकृती चेनरिंग (पॅडलपाशी चेन ओढणारी दातेरी चकती) बसवली की वेग वाढतो आणि गुडघे वाचतात, असं त्यात सरळ लिहून टाकलं आहे. सोमवारी संध्याकाळी माझी पुतणी ती पुरवणी घेऊनच घरी आली. "काका, गुडघे दुखतात, मलापण ही बसवायचीय. द्याल ना बसवून?" तिला जे सांगितलं तेच आपल्याला कळवतो आहे. मी माझ्या रिंगसाठी साडेचार हजार मोजले होते. कॉलेजच्या मुलांसाठी ही रक्कम लहान नाही.

मी ३१ वर्षं पीथमपूरला गिअर तपासण्याचं काम केलं. दाते, पिच, व्यास, घेर यांतच हयात गेली. निवृत्तीनंतर सायकल धरली. चार वर्षं गोल रिंगवर चालवली, अंडाकृतीवर आता तिसरं वर्ष चालू आहे. सायकल तीच. पुढे एकच चेनरिंग, ३२ दात्यांची. मागे दहा चकत्या, ११ पासून ४६ दात्यांपर्यंत.

आधी वेगाचं बघू. गोल असो वा अंडाकृती, ३२ दाते म्हणजे ३२ दातेच. पॅडलच्या एका फेऱ्यात चेनच्या ३२ कड्याच पुढे सरकणार आणि मागचं चाक तेवढंच फिरणार. आकार बदलल्यानं त्या फेऱ्यात एक वीतभरसुद्धा जास्त अंतर पदरात पडत नाही. बदलतं ते एवढंच, की त्या एका फेऱ्यात जोर कुठे जास्त लागतो आणि कुठे कमी.

हे समजायला घरातली पायाची शिलाई मशीन आठवावी. आमची आई मशीनवर बसली की सुरू करताना उजव्या हातानं चाकाला एक हिसडा द्यायची. दांडा अगदी वर किंवा अगदी खाली असला, की पायाचा कितीही जोर लावा, चाक हलत नाही. आम्ही कारखान्यात त्या जागेला डेड सेंटर म्हणत असू. सायकलच्या पॅडललाही अशा दोन जागा असतात, एक वर नि एक खाली. सपाट रस्त्यावर चाकाची गती ती जागा आपसूक ओलांडून नेते, आपल्याला कळतही नाही. चढावर सायकल माणसाच्या चालीनं सरकत असते तेव्हा ती जागा पायाला चांगलीच जाणवते.

आताच्या अंडाकृती रिंगची योजना याच जागेसाठी आहे. चेन रिंगच्या वरच्या बाजूनं ओढली जाते, म्हणून त्या क्षणी वरच्या बाजूला जेवढी मोठी त्रिज्या असेल तेवढा आपला गिअर जड. पॅडल वर-खाली असताना रिंगची आखूड बाजू वर येते, गिअर हलका होतो आणि पाय तिथून सुटतो. क्रँक (पॅडलचा दांडा) आडवा होऊन पायात खरी ताकद येते तेव्हा लांब बाजू वर येते. माझी रिंग मी व्हर्नियर लावून मोजली. लांब नि आखूड व्यासांत १४ मिलीमीटरचा फरक आहे. ३२ दात्यांच्या गोल रिंगचा पिच व्यास (चेन बसते तिथला व्यास) साधारण १३० मिलीमीटर येतो. म्हणजे एकाच फेऱ्यात ही रिंग कधी ३० दात्यांसारखी वागते, कधी ३४ दात्यांसारखी.

याचा उपयोग कुठे, ते मला जानापावला कळलं. चंबळ जिथे उगम पावते तो डोंगर इथल्या वाचकांना सांगायला नको. डांबरी रस्ता सोडून पायवाटेनं चढायला लागलं, की खाली सुटा मुरूम, त्यावर मुठीएवढे काळे दगड, आणि फेब्रुवारीनंतर सगळ्यावर सागाची वाळकी पानं. तिथे एक वळण आहे. गोल रिंगवर मी दर वेळी तिथेच उतरायचो. दम संपायचा नाही, चाक सरकायचं. क्रँक आडवा आला की पायाचा सगळा जोर एकदम मागच्या टायरवर जायचा, पानं फर्रकन मागे उडायची आणि चाक जागच्या जागी फिरायचं. लगेच पुढचा डेड सेंटर, तिथे जोरच नाही, पाय खाली टेकलाच. अंडाकृती रिंगवर जोराच्या जागी त्रिज्या मोठी असते, त्यामुळे तेवढ्याच पायजोराला चेनमधला ताण कमी पडतो. अशक्त जागी त्रिज्या लहान, म्हणून तिथे तो वाढतो. झटका बोथट होतो आणि टायर माती धरून राहतो. त्या वळणावर आता दहापैकी सात-आठ वेळा मी सायकलवरून न उतरता वर जातो. माझ्या पायांत काही नवी ताकद आलेली नाही, वय तर वाढतंच आहे.

पण हे सुख मला पहिल्या दिवशी मिळालं नव्हतं, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. रिंग विकत घेतली त्याच दुकानात बसवून घेतली. मिस्त्री अनुभवी होता, हात झरझर चालत होते. मी विचारलं, हिला काही दिशा असते का? तो म्हणाला, "भिया, चार छेद हैं, कहीं से भी लगा लो, सब बराबर है." गोल रिंगच्या बाबतीत त्याचं म्हणणं जवळजवळ खरं आहे. अंडाकृतीच्या बाबतीत त्यानं माझे दीड महिने नासवले. पॅडल वर आलं की भिंतीला टेकल्यासारखं अडायचं, तिथे रेटून न्यावं लागायचं, आणि तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली ठणका सुरू झाला. मी समजलो, नवीन आहे, सवय होईल.

चूक पकडली ती आमच्या सौ.नी. गॅलरीत सायकल उलटी करून चेन पुसत होतो आणि त्या शेजारी तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, दांडा आणि ही चकती एकाच दिशेला लांब आहेत. मग दांडा उभा झाला की चकतीही उभीच राहणार, नाही का?" मी क्रँक धरून बघितलं आणि गप्प झालो. चार बोल्टच्या क्रँकवर छेद ९० अंशांवर असतात. रिंग एक छेद सरकवून बसवली की सगळं बरोबर उलटं होतं : जिथे हलकं हवं तिथे जड, जिथे जड हवं तिथे हलकं. रिंगवर क्रँकच्या बरोबरीनं ठेवायची एक बारीक खूण होती, ती भलतीकडेच गेली होती. चार बोल्ट काढून रिंग एक छेद फिरवली, वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या रविवारी तीच सायकल जानापावच्या त्या वळणावरून वर गेली.

जुन्या सायकलवाल्यांना यावरून बायोपेस आठवेल. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं १९८३ साली त्या नावानं अंडाकृती रिंग बाजारात आणली होती. तिची रचना आताच्या रिंगच्या जवळपास उलट होती, मोठी बाजू डेड सेंटरपाशी येत असे. तिच्याबद्दल गुडघ्यांच्या तक्रारी होत राहिल्या आणि पुढे ती बंद पडली. अंडाकृती म्हटलं की काही जण अजून नाक मुरडतात ते तेव्हापासून. माझ्या मिस्त्रीनं नकळत मला तसलीच रिंग बसवून दिली होती.

गुडघ्यांचं म्हणाल तर मी एवढंच छातीठोक सांगेन, की उलटी बसलेली रिंग गुडघा दुखवते. सरळ बसलेली रिंग गुडघा बरा करते, असं मी म्हणणार नाही. माझा ठणका गेला, पण त्याच आठवड्यात मी सीटही १२ मिलीमीटर वर घेतली होती. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर श्रेय कुणाचं ते ठरवता येत नाही. तपासणी खात्यात असा अहवाल कुणी दिला असता तर मी परत पाठवला असता.

आपल्या लेखात टूर द फ्रान्सचा दाखला आहे. ब्रॅडली विगिन्स २०१२ साली आणि ख्रिस फ्रूम २०१३ साली गोल नसलेल्या रिंगवर जिंकले, हे खरं आहे. पण ती डांबरी रस्त्याची शर्यत, आणि गोल रिंगवर ती जिंकणाऱ्यांची यादी कितीतरी लांब आहे. त्यावरून आपल्या मुलांनी काय घ्यावं ते ठरत नाही. सुपर कॉरिडॉरच्या डांबरी रस्त्यावर सकाळी तीस-चाळीस किलोमीटर मारणाऱ्यानं गोलच ठेवावी. चेन आणि रिंग वेळेवर बदलण्यात तो पैसा घालावा, त्याचा फायदा जास्त.

ज्यांच्या सायकलला पुढे दोन-तीन चेनरिंग आहेत त्यांनी तर अंडाकृतीच्या नादीच लागू नये. पुढचं डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मोठ्या रिंगच्या दात्यांच्या एक ते तीन मिलीमीटर वर बसवतात. अंडाकृतीत ती फट दर फेऱ्यात सात मिलीमीटरनं कमी-जास्त होणार. मग गिअर बदलताना चेन अडखळते, घासते, पडते. पुढे एकच रिंग असेल, एक आड एक जाड-बारीक दाते असतील आणि मागच्या डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारी सोय) असेल, तरच विचार करावा. आणखी एक : ३२ ची अंडाकृती बसवायला फ्रेमपाशी ३४ च्या गोल रिंगएवढी जागा लागते. विकत घेण्याआधी ती मोजावी. ज्यांच्या क्रँकवर पॉवर मीटर (पायाची ताकद मोजणारं यंत्र) आहे त्यांना आकडे जरा फुगलेले दिसतील, त्यावरून ताकद वाढली असं समजू नये.

पुतणीच्या सायकलला पुढे तीन रिंग आहेत. तिला मी स्पष्ट नाही म्हटलं. थोडी हिरमुसली. मग तिला सीटवर बसवून पॅडल खाली नेलं, तर गुडघा चांगलाच वाकलेला. सीट तीन बोटं वर घेतली, कोरडी पडलेली चेन पुसून तेल दिलं आणि चढावर पुढची सगळ्यांत लहान रिंग वापरायला शिकवलं. या रविवारी आम्ही दोघं जाम दरवाजापर्यंत जाऊन आलो. परतताना गुडघ्याचं तिनं नावही काढलं नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत त्याच जागी एक चौकट द्यावी. ज्यांनी अंडाकृती रिंग बसवून घेतली आहे त्यांनी सायकल सरळ उभी करून एक क्रँक वर, अगदी आकाशाकडे करावा. रिंग जवळपास आडवी, लोळल्यासारखी दिसली तर ठीक. अंड्यासारखी उभी दिसली तर त्याच दिवशी सोडवून एक छेद फिरवून घ्यावी. सोबत एक चित्र दिलं तर फार बरं होईल, मी काढून पाठवायला तयार आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त गिअर तपासनीस,
सुदामानगर, इंदूर