बेळगावला लष्करी ट्रेनिंगला गेलेल्या बाळूस

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

ट्रेनिंगचे उस्ताद झेंड्याची माहिती विचारणार आहेत असं फोनवर म्हणालास, म्हणून तेवढंच लिहायला बसलोय. गुडघ्याचं विचारणार नाही. आई रोज विचारतेच.

२२ जुलै १९४७ ला घटना समितीनं तिरंगा स्वीकारला. त्याआधी १९२१ साली बेजवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, पिंगली व्यंकय्यांनी गांधीजींना लाल-हिरवा झेंडा दाखवला होता, मग त्यात पांढरा पट्टा नि चरखा आला. १९३१ साली लालाच्या जागी केशरी. सत्तेचाळीसला चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभाचं चक्र, आरे चोवीस. लांबी-रुंदी तीनास दोन. खादीचे झेंडे तुझ्या पुढंच, हुबळीजवळ बेंगेरीत शिवतात.

पोलीस उद्यानातला ३०३ फुटी खांब बघायला सगळं कोल्हापूर जातं, पण मला आपल्या शाळेतलाच झेंडा आठवतो. उतरवला की घडी घालायला तू यायचास. आधी केशरी नि हिरवा पांढऱ्याखाली, मग पांढरा असा मुडपायचा की वर चक्र दिसावं आणि दोन्ही रंगांची जराशी कड. दोन्ही तळव्यांवर घेऊन ऑफिसच्या कपाटापर्यंत जायचास. पोरं हाका मारायची, पण तू मान वळवायचा नाहीस. तेव्हाच वाटायचं, हे पोरगं कुठंतरी जाणार. आता मंडळानं पेठेत तुझ्या फोटोचा बोर्ड लावलाय. मी वाट वाकडी करून बघून येतो.

लांब पळताना उजवा गुडघा भरून येतो काय? येत असला तर दाखव तिथल्या डॉक्टरला. दुखणं लपवणं म्हणजे शौर्य नव्हे, शरीर सांभाळणं हीसुद्धा शिस्तच आहे, आणि... बघ, परत वर्गात उभा राहिलो. राग मानू नकोस.

ध्वजसंहितेत आणखी एक नियम आहे. जवानाच्या शवपेटीवर झेंडा घालताना केशरी पट्टा डोक्याकडं. चितेत किंवा दफनात तो जाऊ द्यायचा नाही, आधी काढून घ्यायचा. वर्षानुवर्षं हे मुलांना सांगत आलो. परवा नववीच्या वर्गात ते वाक्य आलं आणि मी फळा पुसायला लागलो. आईला यातलं काही बोलू नकोस. उस्तादांनी विचारलं तर मात्र नीट उत्तर दे, अडखळू नकोस.

आक्कानं बेसनाचे लाडू केलेत, पार्सल उद्या टाकतो. त्यात गुडघ्याची पट्टी आहे. पळायच्या आधी बांधायची, नंतर नव्हे. आणि बांधतोस का नाही, ते फोनवर खरं सांग.

तुझे आण्णा