निरंक

१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

दिवाळीला फोन केला नाही, तू केलास तो उचलला नाही, आणि आता काम पडलं म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. शिव्या शेवटी एकदम घाल. इकडे सगळे ठीक. साखर आहे तिथेच आहे, गुडघ्याचं नंतर बघू.

वकील नगरपरिषदेला उभा राहतोय. आपल्याच प्रभागातली 'ब' जागा, सर्वसाधारण. 'अ' महिलांना गेली, तिथे कोण यावर वाड्यात तीन दिवस धुसफूस चालू आहे, ती मी लिहीत नाही. तात्यांचा आवाज तुला तिथूनही ऐकू आला असेल.

काल रात्री अर्ज भरायला बसलो. आता सगळं आधी संगणकावर भरायचं, मग प्रिंट, मग सही, मग ती प्रत निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात. रात्री अकरानंतर पान जरा लवकर उघडतं म्हणून ही वेळ. शपथपत्रात गुन्ह्यांचा रकाना आला. वकील पंख्याकडे बघत म्हणाला, "निरंक लिही." माझा हात तिथेच थांबला. का ते फक्त तुलाच कळेल. टोपी तू उडवली होतीस.

पाण्याच्या मोर्च्याला नुसतं पोलीस कायद्याचं १३५ (जमावबंदी मोडल्याचं) लागलं असतं तर विषयच नव्हता. हवालदाराची टोपी गटारात गेली म्हणून दंड संहितेचं ३५३ (सरकारी नोकरावर हल्ल्याचं) लागलं, आणि तेही अकराच्या अकरा जणांना. रकाना विचारतो दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यांचं. तेव्हाच्या ३५३ ला शिक्षा होती दोन वर्षांपर्यंत. म्हणजे बरोबर काठावर, पण आतल्या बाजूला. वकील चार नंबरचा आरोपी, तू सात नंबरचा. तू अजून म्हणतोस वाऱ्याने उडाली. बरं बाबा, वाऱ्याने.

वकिलाचं म्हणणं, केस मागे घेतली गेली. कशावरून? तर "जीआर निघाला होता." अरे, हा माणूस रोज कोर्टात उभा राहतो! जीआर म्हणजे फक्त सरकारची तयारी. त्यानंतर सरकारी वकिलाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२१ खाली (आता नव्या संहितेत ते ३६० झालंय) अर्ज द्यायचा, कोर्टाने संमतीचा हुकूम करायचा, तेव्हा खटला संपतो. तो अर्ज कुणी दिलाच नसेल तर फाइल आजही जिवंत आहे. आणि आरोप निश्चित झाले नव्हते म्हणून सुटलो, असंही नाही. कोर्टाने दखल घेतली असेल तरी ते लिहावं लागतं.

ई-कोर्टवर नावाने शोधलं, सापडलं नाही. पण तेवढ्यावर विसंबायचं नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक टेबलावर वेगळं होतं, तुझंच तीन प्रकारे लिहिलेलं मी पाहिलंय. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि साल टाकून शोधलं तर मिळण्याची शक्यता. तो नंबर इथे कुणाकडे नाही.

लिहिलं तर काय बिघडतं? काही नाही. प्रलंबित खटल्याने अर्ज बाद होत नाही. पाण्यासाठी अंगावर घेतलेला गुन्हा आपल्या गावात पदवीसारखा मिरवतात. लपवला तर मात्र कृष्णमूर्ती विरुद्ध शिवकुमार, २०१५. तीही स्थानिक निवडणूकच होती, तमिळनाडूतल्या एका पंचायतीची, आणि गुन्हे लपवले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने निवडून आलेल्या माणसाची निवड रद्दच धरली. वकिलाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण तात्या म्हणतात, आपल्या घराच्या कागदावर गुन्हा नको. तात्यांपुढे सर्वोच्च न्यायालय म्हणजे खालचं कोर्ट.

मला विरोधी पक्षाची भीती नाही. थोरल्यांचा मुलगा त्याच 'ब' जागेवर उभा आहे, दुसऱ्या चिन्हावर. परक्याला आपलं काय माहीत असतं? राजकारणी घरातल्या माणसाच्या अर्जावर खरी हरकत भावकीच घेते, कारण कुठल्या पेटीत कोणता कागद आहे हे तिला पाठ असतं. १८ तारखेला छाननीत तो काय काय काढेल, ते सांगतो.

जमीन. सातबाऱ्यावर अजून आजोबाच आहेत, वारसनोंद नाही. दोन्ही आत्यांनी हक्क सोडला असं सगळे सांगतात, नोंदणी केलेला दस्त कुणी दाखवत नाही. मग वकिलाचा हिस्सा किती? वाड्यात चार माणसं, पाच उत्तरं. मी रकान्यात 'वडिलोपार्जित, अविभक्त, वारसनोंद प्रलंबित' असं लिहून गटनंबर आणि पूर्ण क्षेत्र देणार. आकडा छातीठोक लिहिला की तोच पुढे दिवाणी दाव्यात गळ्यात येतो.

पतसंस्था. कार्यकर्त्याच्या ट्रॅक्टरला वकील जामीन राहिलाय, कार्यकर्ता हप्ते भरत नाही. थोरल्यांचा मुलगा त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर. उतारा त्याच्या खिशात असणार, म्हणून दायित्वात तेही दाखवायचं.

वाड्यामागच्या दोन खोल्या आणि पत्र्याची शेड, परवानगी शून्य. स्वतः, पत्नीने किंवा अवलंबितांनी अनधिकृत बांधकाम केलं तर नगरसेवकपद जातं. वकील म्हणतो, बांधलं तात्यांनी आणि तात्या माझ्यावर अवलंबून नाहीत. खरंय. कोण कुणावर अवलंबून आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

बाकी किरकोळ. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी भरली, दाखला घेतला. शौचालयाचा दाखला आणला. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांचा प्रश्न नाही, दोनच आहेत. सूचक मात्र बदलला, कारण तात्यांनी सुचवलेले गृहस्थ राहतात आपल्या प्रभागात आणि यादीत नाव शेजारच्या प्रभागात. उमेदवार शहराच्या यादीत कुठेही चालतो, सूचक त्याच प्रभागातला लागतो. रकाना एकही कोरा सोडायचा नाही हे तर २०१३ पासून पक्कं आहे. पण 'निरंक' म्हणजे काही नाही आणि 'लागू नाही' म्हणजे प्रश्नच माझा नाही. वकील सगळीकडे निरंकच लिहायला निघाला होता.

पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा एबी फॉर्म अजून नाही. पक्ष तो मुद्दाम शेवटच्या तासाला देतो, बंडखोराला वेळ मिळू नये म्हणून. १७ तारखेला दुपारी ३ च्या आत तो पोचला पाहिजे, आणि सही शाईची. झेरॉक्स किंवा शिक्का आला की माणूस अपक्ष. पर्यायी उमेदवार म्हणून वकिलाच्या बायकोचं नाव घालायला सांगितलंय. वकिलाचा अर्ज उडाला तर चिन्ह निदान घरात राहील. ती म्हणाली, मग आधीच मला उभं करा. मला पटलं, पण बोललो नाही.

बॅनरचा नमुना आला. काळा कोट, गाऊन, गळ्यात पांढरे बँड, हात जोडलेले. मी फाडायला लावला. बार कौन्सिलच्या नियमात कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी बँड-गाऊन घालता येत नाही आणि वकिलाने जाहिरात करायची नाही. शिवाय खर्चाची मर्यादा ब वर्ग नगरपरिषदेला साडेतीन लाख, त्यात हे बॅनर परत छापायचे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचाय, तो कोण लिहिणार हे तुला सांगायला नको.

एक गोष्ट तो ऐकूनच घेत नाही. त्याच्याकडे नगरपरिषदेविरुद्धचे सहा दावे आहेत, गाळेधारकांचे. निवडून आला की ते सोडावे लागतील. अशिलाच्या विषयावर सभेत तोंड उघडलं की पद धोक्यात. निम्मी फी तिथूनच येते आणि निम्मी मतंही. "बघू," म्हणाला.

तुझं काय? घराचा स्लॅब पडला का? मुलगी यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार सांग.

आता काम. तुला त्या केसचं समन्स आलं होतं, २०१२ की १३. तू ते फाडलं नव्हतंस, मला माहितीये, कारण पुढे दोन वर्षं तू तेच दाखवून माझ्याशी भांडत होतास. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, कॉलेजच्या कागदांत बघ. वरच्या कोपऱ्यात खटल्याचा नंबर असेल, त्याच्याखाली गु.र.नं. दोन्हींचा फोटो पाठव, मागची बाजूसुद्धा. उद्या मिळाला तर परवा, शुक्रवारी नकलेचा तातडीचा अर्ज देतो. शनिवार-रविवार धरू नकोस, सोमवारी १७ तारीख आहे.

आणि खटला चालूच निघाला, तर सात नंबरचा आरोपीही हजर राहिलेला नाही, हे लक्षात असू दे. वकीलपत्र वकिलाकडेच दे. फी घेणार नाही, निवडणूक आहे.

तुझाच,
नऊ नंबर