पुसलेली ओळख पुन्हा शोधणे हा गुन्हा ठरावा

महोदय,

‘आम्ही आपली वैयक्तिक माहिती जाहिरातदारांना विकत नाही, केवळ एकत्रित स्वरूपातील माहिती देतो’ अशा अर्थाचे वाक्य अनेक अ‍ॅपच्या गोपनीयता धोरणात वाचायला मिळते. ते बहुधा खोटे नसते, पण अपुरे मात्र असते. जाहिरातदाराच्या हाती शेवटी आकडेच पडतात: अमुक शहरातील अमुक वयोगटाच्या इतक्या लोकांनी जाहिरात पाहिली, त्यांपैकी इतक्यांनी ती उघडली. परंतु ती कोणासमोर आणायची हे ठरवताना एकेका फोनचा जाहिरात क्रमांक (जाहिरातींसाठी त्या फोनला दिलेली स्वतंत्र ओळख), त्यावर पाहिलेली संकेतस्थळे, केलेली खरेदी आणि फिरलेली ठिकाणे यांचाच आधार घेतला जातो. हिशेब गटाचा दिला जातो, खाते मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र ठेवले जाते, आणि त्या खात्याविषयी धोरणातील ते वाक्य काहीच बोलत नाही.

दुसरा गोंधळ याहून गंभीर आहे. नाव काढून टाकलेली माहिती आणि खरोखर एकत्र केलेली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी असूनही त्या सर्रास एकच मानल्या जातात. भाजणी दळून आणल्यावर तीतून ज्वारी आणि हरभरा वेगळे काढता येत नाहीत. नाव काढलेल्या नोंदींचे तसे नसते. २००६ साली एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर केलेले जवळपास दोन कोटी शोध संशोधनासाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक घातलेले असूनही, केवळ शोधलेल्या शब्दांवरून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार काही दिवसांतच एका वृद्ध महिलेच्या दारापर्यंत पोहोचले. खरोखर एकत्र केलेली माहितीसुद्धा नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. धावपटूंच्या ‘स्ट्राव्हा’ अ‍ॅपने जगभरातील वापरकर्त्यांच्या हालचाली एकत्र करून नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात कोणाचेही नाव नव्हते. तरीही, जिथे हे अ‍ॅप वापरणारे परदेशी सैनिकांखेरीज फारसे कोणी नव्हते, अशा सीरिया आणि अफगाणिस्तानातील लष्करी तळांच्या रेषा त्यावर उजळून दिसत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. गट लहान असला की बेरीजही बोलू लागते.

आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने हा धोका वेळीच ओळखला होता. ओळख पुसलेल्या माहितीवरून व्यक्तीची ओळख परवानगीशिवाय पुन्हा शोधून काढणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा ठरवणारी तरतूद समितीच्या २०१८ च्या मसुद्यात होती आणि २०१९ च्या विधेयकातही ती कायम राहिली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये मात्र ती नाही. या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आणि २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली, हे चांगलेच झाले. ओळख पटू शकणारी माहिती वैयक्तिकच, अशी त्यातील व्याख्याही पुरेशी व्यापक आहे. पण ओळख कितपत पुसली म्हणजे ती पुसली असे मानायचे, याचा निकष त्यात नसल्यामुळे तो निर्णय व्यवहारात कंपनीच्याच मर्जीवर राहतो.

म्हणून दोन गोष्टी कायद्यात याव्यात असे मला वाटते. एकत्रित माहिती देताना गटात किमान किती माणसे असतात, हा आकडा प्रत्येक कंपनीने आपल्या धोरणात स्पष्टपणे जाहीर करावा. आणि श्रीकृष्ण समितीने सुचवलेली शिक्षेची तरतूद परत आणावी. मात्र माहितीतील कच्चे दुवे तपासून ते संबंधित कंपनीला कळवणाऱ्या संशोधकांना या तरतुदीतून स्पष्ट शब्दांत सूट द्यावी, नाहीतर अशी तपासणी करायला कोणी धजावणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे