सुसरीची पिल्ले मोजू नका, नदी मोजा

माननीय केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री महोदय यांस,

स. न. वि. वि.

प्राणिसंग्रहालयांच्या मंजुरीचे नियम आपल्याच खात्याकडे आहेत, म्हणून हे पत्र.

१९७५ मध्ये मगरी आणि सुसरी वाचवण्यासाठी सरकारचा मगर प्रकल्प सुरू झाला. सुसरीचा (घडियालचा) नर मिळेना, तेव्हा ओडिशाच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयाने तो फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयातून आणला आणि १९८० मध्ये जगात प्रथमच बंदिवासात सुसरीची पिल्ले जन्मली. तिथे वाढवलेल्या सुसरी महानदीत सोडत गेल्यावर २०२१ मध्ये त्याच नदीच्या सातकोसिया घळीत २८ पिल्ले निसर्गतः बाहेर पडली. संग्रहालयांचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

हे काम नाजूक आहे. अंडे उचलताना वरच्या बाजूवर पेन्सिलने खूण करायची आणि ते त्याच बाजूने ठेवायचे. अंडे घालून एक दिवस झाल्यावर ते फिरले तर आवरणाला चिकटलेला गर्भ सुटून मरतो. उबवणीचे तापमान पिल्लाचे लिंग ठरवते. भारतीय मगरीत ३१ अंशांपर्यंत माद्या, तर ३२.५ च्या आसपास नर होतात. वीज गेली, थर्मोस्टॅट बिघडला, की अख्ख्या घरट्यातून एकाच लिंगाची पिल्ले निघतात. मग ती सुमारे १.२ मीटरची होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन वर्षे, पोसावी लागतात.

एवढे करून सोडलेली सुसर नायलॉनच्या जाळ्यात जाते. लांब, अरुंद, दातेरी जबडा धाग्यांत गुंततो, श्वासासाठी वर येता येत नाही आणि ती बुडून मरते. वाळू उपसली की अंडी घालायला जागा राहत नाही. धरणातून अवेळी पाणी सोडले की घरटे वाहून जाते. यातले काहीच संग्रहालयाच्या कुंपणाआड सुटणारे नाही.

मगरीचे उलट आहे. कृष्णेत, वाशिष्ठीत ती स्वतःच तग धरून आहे, आणि बंदिवासात तिची संख्या जागेला पुरेनाशी झाली. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँक या मगर-संग्रहालयाला सुमारे १,००० मगरी गुजरातेत जामनगरच्या प्राणी-केंद्राकडे पाठवायचा निर्णय घ्यावा लागला. तरीही संग्रहालयांत नवी तळी मगरींसाठीच बांधली जातात, कारण त्या सहज मिळतात.

आमची मागणी अशी: मगरीच्या नव्या प्रजननाला परवानगी देऊ नये. सुसर-प्रजननाचा निधी नदीशी जोडावा. सोडण्याच्या पट्ट्यात वाळूउपसा बंद असल्याचा दाखला, फाटलेल्या जाळ्यांची मच्छिमारांना भरपाई आणि प्रत्येक सुसरीवर तिचा ठावठिकाणा कळवणारी रेडिओ-खूण, या तीन गोष्टी झाल्याशिवाय एकही पिल्लू पाण्यात सोडू नये.

आपले,
सुसर-संवर्धनाचे कार्यकर्ते