पणजोबांचा माग काढताना

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

पणजोबांचं नाव आणि साताऱ्याकडचं गाव एवढं हाताशी आहे म्हणतोस. सुरुवातीला तेवढं पुरे. मात्र सुट्टी काढून थेट पुण्याच्या पेशवे दफ्तरात जायचा बेत तूर्त गुंडाळून ठेव. तिथले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि ते कुळांच्या नावाने लावलेले नाहीत. गाव, परगणा, वतन असलं तर ते कुठलं, एवढं पक्कं झाल्याशिवाय तिथे गेलेला माणूस धूळ खाऊन परत येतो. आजोबांपासून मागे चाल, एकेक पिढी, आणि एका कागदावर विसंबू नकोस.

पहिला कागद शाळेचा. गावच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर जपलेलं असतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे, नात्याचा पुरावा जोड आणि प्रवेश-निर्गम उतारा माग. जन्मतारीख १ जून निघाली तर तिच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. नाव घालताना गुरुजींनी वय अदमासे धरलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, मिळालं तर ताडून पाहा. तिथे बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद बारशाआधी व्हायची. बापाचं नाव, मुलगा की मुलगी, तारीख, एवढ्यावर ओळखावं लागतं. २०२३पासून कुणबी नोंदींसाठी हीच रजिस्टरं धुंडाळली गेली आणि त्यांतली बरीच पानं जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर आली आहेत. तुमची जात कुठलीही असो, ती पानं चाळ. वरच्या-खालच्या ओळींत गावातली इतर घरंही असतात.

खरा माल जमिनीच्या कागदांत. सातबारा म्हणजे नुसतं दार, आत शिरायचं ते फेरफारातून, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीतून. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार नंबर. कंसात घातलेली नावं म्हणजे कमी झालेली माणसं, आणि आपल्याला तीच हवी असतात. नंबर टिपून तो फेरफार काढ, त्यात आधीच्या माणसाचं नाव मिळेल, मग त्याचा फेरफार. सोन्यासारखा असतो तो वारसाचा: अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगे इतके, विधवा अमुक, अज्ञान मुलगा, पालनकर्ती आई. एका नोंदीत दोन पिढ्या उलगडतात. 'अ.पा.क.' दिसलं तर अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मुलगा तेव्हा सज्ञान नव्हता, जन्मसालाचा अंदाज आपोआप आला. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथे भलेभले घसरतात. थोरल्याचंच नाव लागलेलं असतं, धाकटे भाऊ कागदावर नसतात, आणि मग वंशावळीत चुलत घराणं नाहीसं होतं.

मुलींचं सांगायचं तर, १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस फेरफारांत त्या सहसा नसतात. नंतरच्या हक्कसोडपत्रांत मात्र सासरचं नाव आणि गाव यांसकट सापडतात. म्हणून दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, पाहायला आळस करू नकोस. आत्याआजीचा ठावठिकाणा तिथेच लागतो, आणि जुन्या गोष्टी बहुतेक त्याच बाजूच्या लोकांना माहीत असतात.

अडचण येईल ती नंबरांची. गावात एकत्रीकरण योजना, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडणं, झाली असेल तर आजचा गट नंबर जुन्या फेरफारांत सापडणार नाही, तिथे सर्व्हे नंबर असतो. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून ९(३) ९(४)चा उतारा घे, त्यात जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ असतो. तो हातात नसताना फेरफारासाठी अर्ज केलास तर 'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर येईल. अभिलेख असतो रे, नंबर चुकलेला असतो. स्कॅन झालेली पानं 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात, पण अक्षर फिकं असेल तर मूळ वहीच पाहायला हवी.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, त्यामुळे फेरफार साधारण तिथवरच नेतात. त्याआधीच्या काळासाठी सूड आणि शेतवार पत्रक हे जमिनीचे जुने कागद, आणि इनाम जमिनींची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढच्या कैफियती. वतन असेल तर नशीब समज, कारण १८७४च्या वतन कायद्याखाली वारसांची नोंद ठेवावी लागे. हे फक्त देशमुख-कुलकर्ण्यांचं नव्हे, महार वतनाच्या कागदांतही वंशावळी मिळतात. ज्यांच्याकडे जमीनही नव्हती आणि वतनही नव्हतं त्यांच्याबाबत सरकारी कागद फार लवकर मुके होतात, हे आधीच लक्षात असू दे.

आता मोडी. यात ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नाही, शब्द तोडलेले नाहीत, ओळ आधी आखून अक्षरं तिला लटकवलेली. आडनाव क्वचितच. 'अमुक बिन तमुक पाटील' यात पाटील हा हुद्दा, आडनाव समजून जोडू नकोस. 'बिन' आणि 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. साल अरबी शब्दांत असतं: 'सीत सबैन मया व अलफ' म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५. हे शुहूर सन मृगाला बदलतं, तेव्हा जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे. फसली सनाला ५९०-५९१, शकाला ७८-७९ मिळवायचे. एका वर्षाच्या फरकाने बाप-लेक उलटे लागलेल्या वंशावळी छापून निघाल्या आहेत.

तुला मोडी येत नाही म्हणून अडू नकोस, वाचून देणारे जाणकार भेटतात आणि बहुतेक जण हौसेने वाचतात. त्यांचा वेळ मात्र राख. कागदाचा पूर्ण फोटो दे, चारही कडा दिसतील असा, सरळ वरून, फ्लॅश न मारता. आपल्या नावाची तेवढी ओळ कापून पाठवू नये; वरचा मायना, साल आणि त्याच हाताचं इतर अक्षर दिसल्याशिवाय वाचणाऱ्याला 'व' की 'ब' ठरवता येत नाही. आणि हे महत्त्वाचं: 'यात आमचे पणजोबा आहेत ना?' असं विचारू नकोस. भला माणूस तुझ्या आशेने वाचेल. गाव आणि कागद कुठला एवढंच सांग, नाव त्याला काढू दे. शंकेच्या जागी दुसऱ्या वाचकाला वेगळं विचार, पहिल्याचं वाचन न दाखवता. दोघांचं जुळलं तर धर, नाही तर प्रश्नचिन्ह घालून ठेव. त्याच पानावर दुसऱ्या घरांची नावं निघाली तर तीही उतरवून त्या गावावर काम करणाऱ्यांना पाठव. या व्यवहारात परतफेड अशीच होते.

तुमच्या आडनावाचा छापील कुलवृत्तांत असेल तर जरूर मिळव, पण दिशेपुरता. त्यात पुष्कळ माहिती पत्राने मागवून घातलेली असते, आणि दत्तक गेलेला मुलगा कधी दोन्हीकडे, कधी कुठेच नाही. त्र्यंबकेश्वरचे उपाध्ये तीर्थाला आलेल्या घराण्यांची नोंद ठेवतात, त्या वह्या त्याहून भरवशाच्या, कारण नोंद त्या दिवशी, आलेल्या माणसाने सांगून झालेली, कित्येकदा त्याच्याच सहीची. तिथे हल्लीचं गाव सांगून उपयोग नाही, मूळ गाव आणि जुनं आडनाव सांगावं लागतं. दक्षिणा दे, फोटोची परवानगी आधी विचार, आणि तुझी नोंद करताना बहिणींची नावंही घाल.

शाळेचा उतारा आणि पहिला वारस फेरफार हाती आला की दोन्हींचे फोटो पाठव. पाठीमागची बाजू कोरी वाटली तरी तिचाही काढ, शेरे पुष्कळदा मागे असतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता