गाइडचा परवाना आणि कमिशनचे दुकान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी लागली की वेरूळ-अजिंठ्याला गर्दी उसळते आणि 'विनापरवाना गाइड हटवा' ही मागणीही वर येते. मागणी रास्त आहे, पण त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1959 च्या नियमांतला आठवा नियम पाहावा. संरक्षित स्मारकात मोबदला घेऊन पर्यटकांना फिरवायचे, तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. मोबदला न घेणाऱ्याला ही अट लागू नाही. तरी एका लेण्यात सहलीच्या मुलांना शिल्पे समजावून सांगणाऱ्या शिक्षकांना रखवालदाराने 'कार्ड दाखवा' म्हणून गप्प केलेले मी पाहिले आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात गाइडना 100 प्रश्नांची परीक्षा सक्तीची होती. 2014 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण या परीक्षेमुळे पर्यटकांची फसवणूक टळते हे शहराला दाखवता आले नाही. त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सचा परवाना मात्र दुसऱ्या अपील न्यायालयाने वैध ठरवला; तिथे परीक्षेबरोबर गुन्हेगारी पार्श्वभूमीही तपासत.

वॉशिंग्टनच्या न्यायालयाने विचारले ते आपणही विचारायला हवे. कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, असे ठोकून देणारे गाइड भेटतात (राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण बिचारा!). त्यावर हसून पुढे जाता येते. खिशाला कात्री लागते ती दर आधी न सांगितल्यामुळे आणि परतीच्या वाटेवर 'सरकारमान्य' म्हणवणाऱ्या पैठणी-हिमरूच्या दुकानापाशी गाडी थांबवल्यामुळे. तिथले कमिशन आधीच ठरलेले असते. गळ्यात कार्ड असलेले गाइडही यात मागे नसतात. त्यांना कोण हटवणार?

तेव्हा तिकीट खिडकीशेजारी ठळक दरफलक लावावा, गाइडने परवाना क्रमांकासह पावती द्यावी आणि दुकानातून कमिशन घेतल्याचे सिद्ध झाले तर परवाना निलंबित व्हावा. परीक्षा घ्यायचीच तर ती मराठीतूनही घ्यावी, आणि लेण्यांच्या सावलीत वाढलेल्या वेरूळ-फर्दापूरच्या पोरांना केवळ पदवी नाही म्हणून तिच्याबाहेर ठेवू नये.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर